दाजींच्या मशीनची बुधवारची फेरी

सोमवार, ३ मार्च

ही वही मावशींनी दिली. मावशी म्हणजे आमच्या ऑफिसातल्या टायपिस्ट. पाठीमागे सगळे त्यांना वेलांटी मावशी म्हणतात, कारण कुणाचाही कागद हातात आला की त्या आधी वेलांट्या बघतात आणि मग मजकूर. आज माझी चिठ्ठी बघून म्हणाल्या, "आठवीत शाळा सोडलीस ते दिसतंय. पण हात वाईट नाही तुझा. रोज चार ओळी लिहीत जा. कुणाला दाखवायच्या नाहीत, मलासुद्धा नाही."

तर लिहितो. आमची कंपनी लिफ्ट बसवते आणि दुरुस्त करते. मी इथे सहा महिने आहे, आणि याआधी मी सहा महिने कुठेच टिकलेलो नाही. दाजींनी आणलं. दाजी म्हणजे ताईचे मिस्टर. ते इथे पंधरा वर्षं आहेत. ताई गावाकडे, आम्ही दोघं इथे एका खोलीत. दोन खाटा, एक खिडकी. घर रेल्वेने दोन दिवस लांब आहे.

आजवर माझं काम एकच, जुने नकाशे स्कॅन करायचे. आज साहेबांनी बोलावलं. त्यांनी एक सर्चचं सॉफ्टवेअर घेतलंय. अठरा मशीनवर, म्हणजे ऑफिसातल्या कॉम्प्युटरांवर, कुठे काय पडलंय ते कुणालाच सापडत नाही म्हणून. एकाने फाईलचं नाव ठेवलंय 'नवीन', दुसऱ्याने 'नवीन २', तिसऱ्याने 'शेवटचे', चौथ्याने 'शेवटचे खरे'. आजवर काही हवं असलं की दाजींना विचारायचं. दाजी डोळे मिटतात आणि सांगतात, "चार नंबरच्या मशीनवर बघ, 'जुने नको' नावाचं फोल्डर आहे, त्याच्यात." आणि ते तिथेच असतं.

साहेब आधी दाजींनाच म्हणाले होते, हे शिकून घ्या. दाजी म्हणाले, "माझं डोकं शाबूत आहे साहेब. पोराला द्या, त्याला हौस आहे." म्हणून माझ्याकडे आलं. शिकवायला आलेल्या माणसाने दोन तासांत सगळं सांगितलं, त्यातलं निम्मं कळलं. जे कळलं ते असं. हे सॉफ्टवेअर एकेका मशीनवर फेरी मारतं, प्रत्येक फाईल उघडून आतला शब्द न् शब्द वाचतं आणि शब्दापुढे त्याचा पत्ता लिहून ठेवतं. त्या यादीला इंडेक्स म्हणतात. आपण शोधतो तेव्हा ते फाईलींमध्ये शोधत नाही, या यादीत शोधतं. म्हणून पटकन सापडतं. फेरी कधी मारायची, कुठे मारायची, कुठे नाही, हे मी ठरवायचं.

मी ठरवायचं! चार ओळी म्हणता म्हणता पान भरलं.


बुधवार, ५ मार्च

इज्जत गेली.

सकाळी अकराला अठराच्या अठरा मशीनवर एकदम फेरी सोडली. पाच मिनिटांत सगळं ऑफिस ठप्प. मावशींचं पत्र अर्ध्यात गोठलं. त्या उठून माझ्या टेबलापाशी आल्या, "काय रे, माझ्या मशीनला काय चाटवलंस?" फोनवरचा माणूस गिऱ्हाइकाला सांगत होता, "थांबा हं, आमचं सगळं अडकलंय," आणि पलीकडचा माणूस खरोखर लिफ्टमध्ये अडकलेला होता. साहेब बाहेर आले. मी खाली बघत उभा.

दाजी मध्ये पडले. "साहेब, माझा मेहुणा आहे. पहिलं भांडं जळणारच. शिकेल."

संध्याकाळी खोलीवर भाजी चिरताना हसून हसून त्यांची पुरेवाट. "मेहुणे, अठरा मशीनची उपकाचाचक करून ठेवलीत की!"

हा आमच्या घरचा शब्द. मी चार वर्षांचा असताना आईची पेटी उपसली होती. आई ओरडली, उचकापाचक कुणी केली? मी म्हणालो, मी नाही केली उपकाचाचक. तेव्हापासून घरात तोच शब्द. ताईने लग्नानंतर दाजींना सांगितला, आणि मी बावीस वर्षांचा झालो तरी त्यांनी तो सोडलेला नाही. बाहेर कधी वापरत नाहीत. तेवढं बरं.


शुक्रवार, ७ मार्च

वेळापत्रक बसवलं. मेकॅनिक लोक सकाळी नऊला बाहेर पडतात, म्हणजे त्यांची सहा मशीनं नऊ ते अकरा मोकळी. बाकीच्यांची दुपारी एकला, जेवणाच्या सुट्टीत. मावशी पावणेदोनलाच परत येतात, म्हणून त्यांची पहिली. पहिली फेरी लांब असते, नंतर फक्त नवं आणि बदललेलं वाचायचं. आज कुणी ओरडलं नाही. कुणी शाबासकीही दिली नाही, पण न ओरडणं म्हणजे शाबासकीच धरतो.


मंगळवार, ११ मार्च

आज वगळायची यादी केली. ज्याला आपलं एखादं फोल्डर फेरीतून वगळायचं असेल त्याने मला नाव द्यायचं. मला वाटलं दोन-तीन नावं येतील. दुपारपर्यंत एकेचाळीस आली. 'पुतण्याचे लग्न', 'आजारपण', 'घटस्फोट कागद', एकाचं तर नुसतं 'हे उघडू नये'. लंबू मेकॅनिक कानात येऊन म्हणाला, "माझं 'पंप दुरुस्ती' वगळ. त्यात पंप नाहीयेत." मी म्हटलं, मला सांगू नकोस काय आहे ते. तो म्हणाला, "कविता आहेत रे." बिचारा सहा फूट दोन इंच आहे.

सगळ्यांना शब्द दिला, तुमचं वगळलं म्हणजे वगळलं. एकेक खूण केली, दोनदा तपासली. मला कुणी असं काही विश्वासाने दिलेलं नव्हतं आजवर.

दाजींना विचारलं, तुमचं काय वगळू? ते म्हणाले, "माझं काय लपवायचंय? सगळं घे."


बुधवार, १९ मार्च

आज काय झालं ते नीट लिहितो.

सव्वादहाला लंबूचा फोन. बाजारामागची सहा मजली इमारत, लिफ्ट तिसऱ्या-चौथ्याच्या मध्ये, आत एक म्हातारे गृहस्थ आणि त्यांची नात. दरवाजाचं सर्किट जुनं, नकाशा हवा. सवयीने सगळे दाजींकडे वळले. दाजींनी चष्मा काढला, डोळे मिटले. मी तोवर इमारतीचं नाव आणि 'दरवाजा' असं टाइप केलं होतं. दाजी "सात नंबरच्या..." म्हणेपर्यंत नकाशा माझ्या पडद्यावर, आणि तो सातवर नव्हताच, अकरावर होता. कुणीतरी कधीतरी हलवला असणार. वीस मिनिटांत माणसं बाहेर.

साहेबांनी सगळ्यांसमोर खांद्यावर हात ठेवला. लंबू आल्यावर त्याने मला उचललंच. दाजींनीही टाळ्या वाजवल्या. चला, पंधरा वर्षं लोकांनी त्यांचं डोकं खाल्लं, आता त्यांना आराम.

दुपारी दाजी म्हणाले, रोजच्या फेरीने माझं मशीन जड चालतं, आठवड्यातून एकदाच मार. मी लगेच बदललं. दाजींच्या मशीनची फेरी फक्त बुधवारी एक वाजता.


सोमवार, २४ मार्च

आता कुणी दाजींच्या टेबलापाशी जात नाही. चहा घ्यायलाही नाही, कारण आधी विचारायला जायचे आणि तिथेच प्यायचे. आता सगळे माझ्याभोवती उभे राहून पितात, माझ्या की-बोर्डवर सांडतात. दाजी चष्मा पुसत बसतात. निवांत वाटतात.

ताईचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून म्हणाली, "तू जरा हळू शिक की रे." मी म्हटलं, जन्मभर तूच ओरडलीस ना, शीक, शीक म्हणून? ती म्हणाली, "तेही खरंच." आणि मग नळाला पाणी आलंय म्हणून फोन ठेवला.


मंगळवार, १ एप्रिल

साहेबांनी केबिनमध्ये बसायला सांगितलं. खुर्चीवर! विचारलं, कपाटातले सगळे नकाशे स्कॅन व्हायला किती दिवस? मी म्हटलं, दोन महिने. मग विचारलं, "आणि जे कागदावर नाही, नुसतं तुझ्या दाजींच्या डोक्यात आहे, ते?" मी म्हटलं, ते सांगतील, मी टाइप करीन, तेही यादीत येईल. साहेब म्हणाले, "छान." दोनदा म्हणाले.

संध्याकाळी दाजींना सगळं सांगितलं. म्हटलं, तुमचं सगळं डोकं यादीत घेणार आहोत! ते हसले, पण जेवले नाहीत. पोट बिघडलंय म्हणाले. मी गोळी आणून दिली.


गुरुवार, १० एप्रिल

आज वेलांट्या कशाही पडतील.

सकाळी साहेबांना दाराखालून एक पाकीट मिळालं. आत छापलेली चिठ्ठी, सही नाही. साहेबांनी सगळ्यांना हॉलमध्ये उभं केलं आणि मोठ्याने वाचली. आठवते तशी लिहितो. 'सर्चचे काम पाहणारा नवीन मुलगा कामाच्या नावाखाली सर्वांच्या खासगी फायलींची उपकाचाचक करतो. बायकांचे फोटो बघतो. सबब ऑफिसात कोणीही सुरक्षित नाही. एक हितचिंतक.'

साहेब त्या शब्दाशी अडखळले. "उप... उपकाचाचक? हा काय शब्द?" कुणालाच माहीत नव्हता. लंबू म्हणाला, छापताना चुकलं असेल. मला हसू आलं. खरंच हसू आलं आधी, घरचा शब्द ऐकून येतं तसं. मग सगळे माझ्याकडे बघत होते आणि मी हसत होतो. ते किती वाईट दिसलं असेल.

साहेब म्हणाले, शनिवारी बोलू. तोवर सर्च बंद.

मी कुणाचे फोटो बघितलेले नाहीत. फोटोंची फेरी मी पहिल्या दिवसापासून बंद ठेवलीय, त्याची खूण आहे, कुणीही तपासावी. पण ही वही खोटं लिहायला नाही. एकदा एक पत्ता शोधताना मावशींनी मुलाला लिहिलेलं पत्र समोर आलं होतं. मी दोन ओळी वाचल्या आणि बंद केलं. मग त्यांना न सांगता त्यांचं ते फोल्डरही वगळून टाकलं. तेवढंच.

दुपारी मावशींपाशी कागद द्यायला गेलो तर त्यांनी पडद्यावर हात ठेवला. अख्खा पंजा. त्यापेक्षा ओरडल्या असत्या तर बरं.

दाजी दिवसभर माझ्याबरोबर होते. "लोक जळतात रे. मी आहे ना." म्हणाले, तुझ्यावर आलं तर मी साहेबांचे पाय धरीन.

शब्दाचं मी असं धरतोय की कधीतरी माझ्याच तोंडून ऑफिसात निघाला असेल आणि कुणीतरी उचलला असेल. बोलता बोलता निघतं माणसाच्या तोंडून.


शुक्रवार, ११ एप्रिल

लंबूला विचारलं, मी कधी हा शब्द बोललोय? नाही. फोनवाल्याला विचारलं, नाही. मावशींना विचारायची हिंमत झाली नाही, पण त्यांच्यासमोर मी बोललो असतो तर त्यांनी जागच्या जागी सुधारला असता.

साडेनऊला दाजी साहेबांबरोबर साइटवर गेले. सर्च बंद म्हणजे बाकीच्यांसाठी बंद, माझ्या मशीनवर चालू होतं. मी ठरवलं, एकदा शोधायचं, सापडणार नाही, आणि डोक्यातला किडा जाईल. दाजींना निर्दोष ठरवायला शोधत होतो. देवाशपथ.

उपकाचाचक. टाइप करायला वेळ लागला. मी हा शब्द कधी लिहिलेलाच नव्हता.

एक निकाल. मशीन नंबर तीन. बुधवार ९ तारीख, सकाळी अकरा बावन्न. खाली दोन ओळी दिसतात नेहमी, तशा दिसल्या. '...कामाच्या नावाखाली सर्वांच्या खासगी फायलींची उपकाचाचक करतो. बायकांचे...'

तीन नंबर दाजींचं आहे.

उघडायला गेलो तर फाईल सापडत नाही असं आलं. पुसलीय. पण पुसलेली फाईल पुढची फेरी होईपर्यंत यादीत तशीच राहते, आणि दाजींच्या मशीनची फेरी आठवड्यातून एकदाच, त्यांनीच सांगितलेली. बुधवारी अकरा बावन्नला लिहिली, एक वाजता फेरीने वाचली, दुपारी त्यांनी छापून पुसून टाकली असेल. त्यांना वाटलं असेल, गेली. शिकले असते तर कळलं असतं.

तासभर बसून राहिलो. मग दुसरंच लक्षात आलं. हे साहेबांना दाखवायचं म्हणजे मी दुसऱ्याच्या मशीनवर खासगी कागद शोधला असं दाखवायचं. चिठ्ठीत तेच तर लिहिलंय. काल चिठ्ठी खोटी होती. आज साडेनऊला मी ती खरी केली.


शनिवार, १२ एप्रिल

साहेबांच्या केबिनमध्ये दहा मिनिटं. दार बंद.

"तू लोकांच्या फायली बघतोस?"

मी म्हटलं, "फोटो नाही बघितले. एकदा शोधलं. काल."

"काय शोधलंस?"

"चिठ्ठी."

साहेब खुर्चीत मागे रेलले आणि हसले. "म्हणजे सापडली तर."

मी मान हलवली. ते म्हणाले, "नंबर नको सांगूस. पाकीट उघडलं तेव्हाच कळलं होतं मला. पंधरा वर्षं त्या माणसाचं मराठी वाचतोय. 'सबब' असं इथे दुसरं कुणी लिहीत नाही."

मी म्हटलं, "मग सगळ्यांसमोर वाचलीत कशाला?"

"बघायचं होतं तुम्ही दोघं काय करता." ते असं बोलले, जणू दोरी किती वजन पेलते ते बघत होते. मग म्हणाले, "हे बघ. आता दोन माणसांचं काम नाही. एकच लागेल. ज्याच्या डोक्यात आहे तो, नाहीतर ज्याच्या यादीत आहे तो. त्याची जागा घेतोस का? सोमवारी सांग. नको असेल तर तू सुट्टी घे कायमची, आणि ती चिठ्ठी तशीच राहू दे."

'तशीच राहू दे' म्हणजे फोटो बघणारा म्हणून जायचं. मी म्हटलं, दोघंही राहू. साहेब म्हणाले, "दोघं राहिलात तर पुन्हा चिठ्ठी येईल. या वेळी कदाचित तुझी."

बाहेर आलो तर दाजी दारातच. "काय म्हणाले? शिव्या दिल्या?" माझ्या शर्टाची कॉलर सरळ केली त्यांनी.


रविवार, १३ एप्रिल

काल संध्याकाळपासून आज सकाळपर्यंत मी वाट बघितली. मनाशी ठरवलं होतं, त्यांनी नुसतं म्हणावं, मी केलं. कारण सांगू नका, माफी मागू नका, मी केलं एवढंच म्हणा. मी सोमवारी साहेबांना सांगतो नको म्हणून आणि गाडीत बसतो. फोटो बघणारा तर फोटो बघणारा. तुमची खुर्ची तुम्हाला लखलाभ.

भाजी चिरताना म्हटलं, "दाजी, कुणी लिहिली असेल हो चिठ्ठी?"

"हरामखोर असेल कुणीतरी." सुरी थांबली नाही त्यांची.

सकाळी चहा घेताना म्हटलं, "साहेबांनी मला तुमची जागा देऊ केलीय."

कप खाली ठेवला. म्हणाले, "घे की. तू पुढे गेलास तर मलाच आनंद. तुझ्यावर आळ आला तेव्हा मीच सांगितलं साहेबांना, पोराला सांभाळून घ्या म्हणून." आणि माझ्या पाठीवर हात फिरवला. तो हात मला झटकता आला नाही. त्याचाच राग येतोय अजून.

दुपारी बाहेर जाऊन ताईला फोन लावला. मला तिला काही सांगायचं नव्हतं. तिचं घर मोडेल असं एक अक्षर बोलणार नव्हतो. नुसता आवाज ऐकायचा होता. मी 'हॅलो' म्हणायच्या आत ती रडायला लागली.

"मी त्यांना म्हटलं होतं रे, त्याला काहीतरी सांगून घरी पाठवा, पण हे असलं नका करू."

मी विचारलं, "कधी म्हटलं होतंस?"

नाक ओढल्याचा आवाज आला.

"ताई, कधी?"

"मंगळवारी. आधी कागदावर लिहिली होती, ती फोनवर वाचून दाखवली त्यांनी मला. फोटोंचं काढा म्हटलं मी, शपथेवर म्हटलं. ते म्हणाले, नुसत्या फायलींनी कुणाला काही वाटणार नाही." मग म्हणाली, "दोन लेकरं आहेत माझी. या वयात त्यांना कोण ठेवणार? तू तरणाताठा आहेस, तुला कुठेही मिळेल. सात महिन्यांच्या वर कुठे राहतोस तू?"

मंगळवारी. चिठ्ठी मिळाली गुरुवारी. मध्ये बुधवार. बुधवारी संध्याकाळी तिने मला फोन केला होता, जेवलास का विचारायला.

मी म्हटलं, "तू म्हणतेस ते बरोबर आहे, सात महिनेच." आणि फोन ठेवला.


सोमवार, १४ एप्रिल

साहेबांना हो म्हणालो.


बुधवार, १६ एप्रिल

दाजींना महिनाअखेरपर्यंत मुदत. तोवर रोज दहा ते बारा त्यांनी माझ्या शेजारी बसायचं आणि डोक्यातलं सगळं सांगायचं, मी टाइप करायचं. साहेबांची आज्ञा. मीच सुचवलं होतं ना, एक तारखेला, खुर्चीवर बसून.

मी वेगळी खोली घेतली. एक खाट, खिडकी नाही.

ऑफिसात कुणाला खरं माहीत नाही. साहेब काही बोलले नाहीत आणि मीही नाही. सगळ्यांना वाटतं, मी गोड बोलून जागा पळवली. लंबू माझ्यासमोर चहा पीत नाही. मावशी म्हणाल्या, "अभिनंदन," आणि तेवढा एकच शब्द असा शुद्ध उच्चारला की मला पाणी पिऊन यावं लागलं.

एक वाजता तीन नंबरच्या मशीनची फेरी झाली. मी समोर बसून बघितली. मग शब्द टाकून बघितला. शून्य निकाल.


शुक्रवार, २५ एप्रिल

रोज दोन तास. ते शेजारी बसतात, चष्मा काढतात, डोळे मिटतात. आमच्यात कामाशिवाय एक शब्द होत नाही. माझ्याकडे बघत नाहीत. डोळे मिटलेलेच बरे.

"कापड बाजाराची इमारत. मोटरची खोली गच्चीवर नाही, पाचव्या मजल्याच्या माळ्यावर. ब्रेकची पट्टी उलटी बसवलीय, बारा वर्षांपूर्वी. ती सरळ करू नका. सरळ केली की लिफ्ट दोन बोटं खाली थांबते. लिहिलंस?"

"लिहिलं."

"शाळेची लिफ्ट. सुटका करायची चावी पेटीत नाही. पेटी दाखवायला आहे. चावी पहारेकऱ्याच्या खोलीत, कॅलेंडरमागे."

"लिहिलं."

लिहितो, पण दुसऱ्याच दिवशी मनात आलं, हे खरं कशावरून? या माणसाने सूड म्हणून एक चावी चुकीची सांगितली तर? उद्या कुणी अडकलं, लंबूने माझी यादी बघून पट्टी तशीच उलटी सोडली आणि तीच चूक निघाली तर? यादीत लिहिलं की सगळं सारखंच दिसतं. सॉफ्टवेअर शब्द बघतं आणि पत्ता सांगतं. माणूस खोटं सांगत होता का, हे त्याला कळायची सोयच नाही. मला होती का?

म्हणून मी रोज दुपारी लंबूला दोन-तीन इमारतींत पाठवतो, लिहिलंय तसं आहे का बघायला. तो वैतागतो. "अरे, पंधरा वर्षांत त्या माणसाचं एक वाक्य चुकलं नाही." मी म्हटलं, एकदा चुकलं होतं, नकाशा सातवर म्हणाले आणि निघाला अकरावर. लंबू म्हणाला, "तो मी हलवला होता. मशीन बदलताना. मी कुणाला बोललो नाही." आणि जिना उतरून गेला.

आज त्याने शाळेतून फोन केला. चावी कॅलेंडरमागेच. कापड बाजाराची पट्टीही उलटी, दाजी म्हणाले तशीच. म्हणाला, "आता तरी पुरे कर. म्हातारा रोज विचारतो मला, आज काय तपासून आलास? त्याला कळलंय."

आजपर्यंत सत्तावीस नोंदी झाल्या. सत्तावीसच्या सत्तावीस खऱ्या निघाल्या.

उद्या अठ्ठाविसावी. लंबूला सांगून ठेवलंय, साडेबाराला तयार राहा.